"ताई, आजी हळूहळू पुसली जातेय"

एका मुलीचं पत्र आलं. मोठं होतं, महत्त्वाचा भाग तिच्याच शब्दात देते.

"ताई, माझी आजी, म्हणजे आईची आई, जाऊन आठ महिने झाले. ८४ वर्षांची होती. आईची नोकरी होती त्यामुळे दहावीपर्यंत शाळा सुटली की मी तिच्याकडेच असायचे, खरंतर तिनेच वाढवलंय मला. सगळे म्हणतात भरपूर जगली, सोनं झालं तिचं, आता किती रडणार. ऑफिसमधून एक दिवस सुट्टी मिळाली कारण त्यांच्या जवळच्या नातेवाइकांच्या यादीत आजी बसत नाही. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे, तेव्हा सगळे जमणार आहोत आणि तिच्याबद्दल काहीतरी लिहून वाचायचं मी ठरवलंय. पण लिहायला बसले की प्रेमळ, कष्टाळू, मायाळू एवढंच सुचतं. डोळे मिटले की हॉस्पिटलमधली नळ्या लावलेली आजीच दिसते. आवाज आठवायला गेले तर येत नाही. फोनमधे तिची एकच व्हॉइस नोट आहे ११ सेकंदांची, 'पोचलीस का गं? पोचलीस की कळव. घाई नाही, निवांत कळव. अगं हे बंद कसं करायचं', आणि मागून आई म्हणते बोट उचल. ती ऐकायचीही भीती वाटते. आणि एक कुणालाच सांगितलेलं नाही, ती आजारी पडायच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आलेला, मी मीटिंगमधे होते, कट केला, रात्री करू म्हटलं आणि विसरले. आईशी बोलावं तर विषय निघाला की ती उठून जाते. मैत्रीण म्हणते तू पाचातल्या कुठल्यातरी स्टेजमधे अडकलीयेस. ताई, आजी हळूहळू पुसली जातेय असं वाटतं. मी २७ वर्षांची आहे, एवढं रडणं बरोबर आहे का तेही कळत नाही."

अगं, रडणं बरोबर आहे. हे पहिलं आणि स्पष्ट सांगते कारण आठ महिन्यात तुला हे कुणी म्हटलेलं दिसत नाहीये.

'भरपूर जगली' म्हणणारे वाईट नसतात, त्यांना धीर द्यायचा असतो, पण माणूस जितकं म्हातारं तितकं त्याचं जाणं हलकं हा हिशोब मला कधीच पटलेला नाही. ती ८४ वर्षं जगली म्हणजे तुझ्या २७ वर्षातला एकही दिवस तोवर तिच्याशिवाय उजाडला नव्हता, हाही त्याचाच अर्थ आहे की. शाळेतून आल्यावर दप्तर जिच्या घरात टाकायचीस ती ही. १९८९ मधे केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने अशा दुःखाबद्दल सविस्तर मांडलं, म्हणजे जे दुःख असतं खरं पण ज्याला लोक दुःखाची जागाच देत नाहीत, रजा देत नाहीत, भेटायला येत नाहीत, विचारत नाहीत. आजी-आजोबांचं जाणं त्यात हमखास येतं. मग माणूस एकटाच रडतो आणि वर स्वतःलाच विचारतो की माझं काही चुकतंय का. तुझं अगदी तेच झालंय.

आणि तू 'आईची आई' असं लिहिलंस म्हणून एक सांगते, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले होते. मुलीच्या अंडाशयातली बीजांडं ती जन्माला यायच्या आधीच, आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात, पाचव्या महिन्याच्या आसपास त्यांची संख्या साठ-सत्तर लाखापर्यंत असते आणि मग ती कमीच होत जाते. म्हणजे ज्या बीजांडापासून तू झालीस ते तुझ्या आईच्या पोटात होतं, आणि तुझी आई तेव्हा आजीच्या पोटात होती. तुझ्या अस्तित्वाचा अर्धा भाग काही महिने आजीने स्वतःच्या शरीरात वागवलाय, तुझा जन्म व्हायच्या किती वर्षं आधी. याहून जवळचं नातं असतं का सांग.

स्टेजचं पटकन सांगून टाकते. नकार, राग, घासाघीस, निराशा आणि स्वीकार या पाच स्टेज एलिझाबेथ क्युबलर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मधे मांडल्या आणि त्या मुळात ज्यांना असाध्य आजार झालाय अशा मरणाच्या दारातल्या पेशंटशी बोलून मांडल्या होत्या, मागे राहिलेल्यांसाठी त्या नंतर लावल्या गेल्या. त्या काही पायऱ्या नाहीत की एक झाली की पुढची, त्यामुळे अडकण्याचा प्रश्नच येत नाही. मैत्रिणीवर चिडू नकोस, ती काळजीनेच म्हणतेय.

पण एक खरंच बघ. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे आणि त्यात किमान सहा महिन्यांची मुदत धरलीये. आठ महिने झाले म्हणजे तुला आजार झाला असं अजिबात नाही, नुसतं रडू येणं हा आजार नाहीच. पण रोज, जवळजवळ दिवसभर तोच विचार, कामावर जाणं जमत नाही, कुणाला भेटावंसं वाटत नाही, आपल्या जगण्याला काही अर्थ उरला नाही असं होत असेल तर सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आणि जीव नकोसा होत असेल तर आजच्या आज कुणालातरी सोबत घेऊन जा. तुझ्या पत्रात मला तसं दिसलं नाही. तू नोकरी करतेयस, वाढदिवसाला वाचायचं ठरवतेयस. तरी स्वतःला एकदा प्रामाणिकपणे विचार.

आता ती हॉस्पिटलमधली आजी. हे फार जणांना होतं गं. याचं एक कारण आपल्या आठवणीच्या कामात आहे. डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मधे एक साधा प्रयोग छापला होता, लोकांना थंडगार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला, आणि एकदा तसाच ६० सेकंद पण वर आणखी ३० सेकंद ज्यात पाणी अगदी किंचित कमी गार केलं. नंतर विचारलं, पुन्हा करायचं तर यातलं कुठलं करशील, तर बहुतेकांनी जास्त वेळ चाललेलं निवडलं! म्हणजे एकूण त्रास जास्त असूनही, कारण शेवट जरा बरा होता. आपली आठवण सगळा वेळ मोजत नाही, सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट एवढंच घट्ट धरते. तो प्रयोग दीड मिनिटाचा होता, एका अख्ख्या आयुष्याला तो जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणणार नाही, पण शेवटचे काही दिवस बाकीच्या सगळ्या वर्षांवर कसे पसरून बसतात ते मला यावरून समजलं. नळ्या लावलेली आजी खोटी नाहीये, पण ती किती दिवसांची? त्या चित्राशी भांडू नकोस, हाकलायला गेलीस की जास्त येईल. त्याच्या आजूबाजूला दुसरी चित्रं आणून ठेव, पुष्कळ. ती आहेत, तुला अजून सापडली नाहीयेत एवढंच.

आणि ती सापडत नाहीयेत कारण तू गुणांवरून शोधतेयस. प्रेमळ, कष्टाळू, मायाळू. हे शब्द कुणाच्याही आजीला चिकटवता येतात म्हणून ते तुझ्या आजीला चिकटत नाहीत आणि म्हणून पेन अडतं. ती कशी होती हे सोड, ती काय करायची ते लिही. हात काय करायचे. दार उघडताना काय म्हणायची. चष्मा कुठे ठेवायची आणि कुठे शोधायची. राग आला की गप्प बसायची की भांडी आपटायची. फोन उचलल्यावर पहिला शब्द कुठला. दिवा बंद करायला सांगायची तेव्हा नेमकं कसं सांगायची.

माझ्या आजीचं सांगते. ती जुना शर्ट फडक्याला काढायच्या आधी त्याची सगळी बटणं कापून घ्यायची, एका शर्टाची बटणं एका दोऱ्यात ओवून गाठ मारायची आणि एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. डबा हलवला की खळखळ आवाज. ती गेल्यावर तो डबा माझ्याकडे आला, आणि बरीच वर्षं मी तो उघडलाच नाही. मग एकदा खरंच बटण हवं होतं म्हणून उघडला तर एका माळेत सहा पांढरी बटणं आणि त्यात एक निळं. म्हणजे त्या शर्टाचं एक बटण मधे कधीतरी तुटलं होतं, पांढरं मिळालं नाही म्हणून तिने निळं लावून दिलं होतं, बहुतेक सगळ्यात खालचं, जे आत खोचल्यावर दिसत नाही. आणि शर्ट संपल्यावर ते निळंसुद्धा त्याच माळेत गेलं, कारण ते आता त्या शर्टाचं होतं. तोपर्यंत मीसुद्धा आजीबद्दल काटकसरी एवढंच म्हणायचे. ती माळ हातात घेतल्यावर मला तिची दोरा दाताने तोडायची पद्धत आठवली, सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटायची ते आठवलं, ओवायला मला हाक मारायची आणि मी खेळ सोडून यावं लागतं म्हणून वैतागायचे ते आठवलं, आणि मग ती ज्या आवाजात हाक मारायची तो आवाज आला. आपणहून आला, मी शोधत नव्हते. तुझंही असंच होईल असं मला वाटतं, आवाज आवाजाच्या मागे लागून येत नाही, हातात एखादी वस्तू आली किंवा नाकात एखादा वास गेला की येतो. वासाचा रस्ता तर मेंदूत भावना आणि आठवणींच्या भागाकडे फार थेट जातो, बाकीच्या संवेदनांसारखा वळसा घेऊन नाही. तिचं एखादं न धुतलेलं कापड घरात असेल तर ते धुवू नकोस, घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा हवाबंद पिशवीत ठेव. वास कधीतरी जाईलच, पण आत्ता आहे.

वाढदिवसाला जे लिहिशील त्यात तिचा हट्टीपणा पण येऊ दे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं हे ठीक, पण नुसतं चांगलं चांगलं लिहिलं की माणूस फोटोसारखा सपाट होतो आणि मग खरंच पुसला जायला लागतो. ती कुणाशी अबोला धरायची, तुझ्यावर कधी अन्याय केला, मामेभावाला जास्त आणि तुला कमी असं कधी झालं का, ते आठव. सगळं वाचून दाखवायची गरज नाही, कुणाचं मन दुखेल ते वहीत राहू दे. पण वहीत तरी अख्खी आजी असू दे.

मग दुसऱ्यांना विचार, आणि हे लवकर कर, मी घाई करतेय कारण तिच्या वयाची माणसंही आता थोडी असणार. आजीची बहीण, शेजारीण, शाळेतली मैत्रीण कुणी असेल तर प्रत्यक्ष जा, फोन रेकॉर्डिंगला लावून त्यांना विचारून मधे ठेव आणि 'आजीबद्दल काहीतरी सांगा' असं विचारू नको, त्याला उत्तर 'फार चांगली होती' हेच येतं. वयस्कर माणसांना साधारण १० ते ३० या वयातलं बाकीच्या वर्षांपेक्षा जास्त आठवतं हे बऱ्याच अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून तिथूनच सुरुवात कर. ती तेव्हा कुठल्या खोलीत झोपायची, तुम्ही दोघी कशावरून भांडायचात, तिला कशाची भीती वाटायची, तिला काय व्हायचं होतं. एक प्रश्न विचार आणि मग गप्प बस, समोरचं माणूस थांबलं तरी लगेच दुसरा प्रश्न टाकू नको, खरी गोष्ट त्या थांबण्यानंतर येते. तुला १४ वर्षांची आजी भेटेल, जी तू कधी पाहिलेलीच नाहीस. ज्या दिवशी ती भेटेल ना, त्या दिवशी हॉस्पिटलवाली आजी अनेकांपैकी एक होईल.

जाताना जुने फोटो घेऊन जा, फोटो समोर असला की नावं निघतात. नावं, अंदाजे साल फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिही, बॉलपेनने नको, त्याचा दाब पुढे उमटतो आणि शाईही डाग सोडते. चिकट पानांच्या अल्बममधे असतील आणि निघत असतील तर काढून घे, तो गोंद फोटो खातो. निघत नसतील तर ओढू नको, तसेच स्कॅन कर. लहान फोटो ६०० डीपीआयला (स्कॅन किती बारीक करायचं त्याचा आकडा) केले तर पुढे मोठे करता येतात.

आता तो फोन.

मी तुला 'त्यात काय एवढं' असं म्हणणार नाही, कारण तुझ्यासाठी ते एवढं आहेच. पण मला सांग, त्या संध्याकाळी तुला काय माहीत होतं? १९७५ मधे बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की एकदा शेवट कळला की माणसाला तो आधीपासूनच दिसत होता असं वाटायला लागतं, आणि आपल्याला आधी किती कमी माहीत होतं हेच तो विसरतो. तू आज ज्या मुलीवर रागावतेयस तिला उद्याचं माहीत नव्हतं. तिला माहीत होतं ते एवढंच की आजीचा फोन आलाय, नेहमीसारखा, आणि रात्री केला तरी चालतो. आणि रात्री केला तरी चालतो हे तुला कुणी शिकवलं गं? तिनेच. 'घाई नाही, निवांत कळव.' तुझ्याकडे तिच्या स्वतःच्या आवाजात आहे ते. जिच्याशी रुसवेफुगवे असतात तिचा फोन माणूस घाबरून उचलतो, आजीचा फोन आपण बिनधास्त कट करतो, कारण ती रागावणार नाही याची खात्री असते. ती खात्री तिने दप्तर टाकायच्या वयापासून तुझ्यात घातलेली. तिने काय सांगायला फोन केला होता ते आता कळणार नाही आणि ते सलत राहील, ती रुखरुख मी काढू शकत नाही. पण ती निरोप घ्यायला फोन करत नव्हती, तिलाही उद्याचं माहीत नव्हतं. एवढं नक्की. आणि हे कुणा एकाला तरी तोंडाने सांग, फक्त मला लिहून ठेवू नकोस.

शेवटी ती ११ सेकंदं. ऐकायची हिंमत नसेल तर नको ऐकू, पण आज रात्री तिच्या कॉपी कर, न ऐकताही करता येतात. फोन हरवला, बिघडला, वॉट्सॅप दुसऱ्या फोनवर टाकताना बॅकअप नीट झाला नाही की जुनं सगळं जातं, असे किती जण रडलेले मी पाहिलेत. नोट दाबून धर, शेअर करून ती फाईल स्वतःला ईमेल कर, लॅपटॉपवर उतरव, एका पेनड्राइव्हवर टाकून तो दुसऱ्या घरी ठेव. फोटोग्राफर लोक ३-२-१ म्हणतात, तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. दुसऱ्या फोनसमोर वाजवून रेकॉर्ड करू नकोस, आवाज खराब होतो, मूळ फाईलच ठेव. नाव देताना तारीख आणि तिचं नाव लिही, नाहीतर दहा वर्षांनी आकड्यांच्या गर्दीत सापडणार नाही.

आणि तू ती नोट पत्रात लिहिलीस तेव्हा एक गोष्ट अर्ध्या ओळीत उरकलीस. मागून आई म्हणते बोट उचल. मी त्या अर्ध्या ओळीपाशी थांबले. म्हणजे त्या दिवशी आजीच्या शेजारी तुझी आई बसली होती, कदाचित तुला मेसेज कसा पाठवायचा ते तीच तिला शिकवत होती. ती ११ सेकंदं फक्त तुझी आणि आजीची नाहीत, त्यात तिघी आहात. तुझी आजी गेली तेव्हा तिची आई गेली आणि मला वाटतं ती उठून जाते कारण तुझ्यासमोर रडायचं नसतं तिला, तुझ्यासाठी धरून बसायचं असतं. तिला 'आजीबद्दल बोल ना' म्हणू नकोस. दोघीच घरी असाल अशा वेळी जाऊन शेजारी बस, सांग की माझ्याकडे आजीची एक नोट आहे आणि मला एकटीने ऐकायची भीती वाटते, तू ऐकशील का माझ्याबरोबर. ती नाही म्हणाली तर फाईल पाठवून ठेव, नंतर ऐकेल, एकटीच ऐकेल कदाचित. हो म्हणाली तर फोन तिच्या हातात दे. आणि ऐकून झाल्यावर विचार की आजी बोट उचलायला का विसरायची.